ड्रेसिंग

सोहार बंदराच्या अलीकडे कंपनीचा दवाखाना.
दोन खाटा, एक एसी, तोही खोकणारा.
डॉक्टर हिशाम इजिप्तचे, इंग्रजीतून विचारतात.
मी मिरजेत शिकलेला ब्रदर, मधला दुभाषी.

गफूर चौगुले, हर्णैचा, वय एकोणचाळीस, परांची बांधतो.
म्हणाला, पोटात गोळा येतो.
मी तसंच सांगितलं. सोनोग्राफी झाली. गोळा नव्हता.
म्हणाला, फोन वाजला की काळजात धस्स होतं.
ईसीजी काढला. रेघ जशी वाकडी हवी तशीच वाकडी.
म्हणाला, डोक्यात भुंगा लागलाय.
डॉक्टरांनी कानात बत्ती धरली.
थोडा मळ निघाला.

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.
मग, 'ब्रदर, जीव थाऱ्यावर नाही.'

हे मला इंग्रजीत नेता येईना.
थारा म्हणजे काय सांगू? पत्ता?
पत्ता तर कार्डावरच होता:
कॅम्प चार, खोली अकरा, वरचा पलंग.

मनाचा डॉक्टर मस्कतला, दोनशे किलोमीटर.
आमच्या कार्डात तो बसत नाही.
जायला रजा लागते, रजेला पत्र, पत्रात कारण,
आणि कारण वाचून ऑफिस तिकीट काढतं.
एकेरी.
गेल्या साली सुब्बय्याचं काढलं,
त्याच्या खोक्याला दोरी मीच बांधली.

गफूरनं माझा हात धरला, पेनासकट.
'लिहू नका. घराचा स्लॅब पडायचाय अजून.'
आणि मग, माझ्याकडे न बघता,
'वरून खालची वाळू फार मऊ दिसते हो.'

त्याच्या डाव्या घोट्याला खरचटलं होतं, नखाएवढं.
मी लिहिलं: जखम. उंचीवर काम नको.
दर गुरुवारी ड्रेसिंग.
डॉक्टर हिशामनी घोटा पाहिला, मग मला पाहिलं,
आणि सही केली.

आज पाचवा गुरुवार.
जखम केव्हाच भरली, खपलीसुद्धा पडून गेली.
मी पट्टी सोडतो हळूहळू, चिकटल्यासारखी.
तो बोलतो, कधी लिलावातल्या सुरमईचा भाव,
कधी सुब्बय्या,
कधी काहीच नाही, तेव्हा मी कापूस विंचरत बसतो.
चाळीस मिनिटं.
एवढं गॉज जातं कुठं, स्टोअरचा कुंजुमोन विचारतो.

मला यावरचं औषध ठाऊक नाही.
गाठ मारता येते,
तीही कधी कधी कॅम्पपर्यंत पोचत नाही.

आज निघताना तो दारात थांबला.
'ब्रदर, तुमच्या घोट्याला काय झालं?'
काही नाही, म्हटलं.
तो तरीही खाली वाकून
बघत राहिला.