घर ओढण्याआधी काढून ठेवायच्या गोष्टी

आधी काचा.
मग चुलीचं धुराडं. मग आरसा,
जो दुलीस्ता मावशीने घोंगडीत गुंडाळून
माझ्या हातात दिला :
"तू हा धर. ओढणं काही तुझं काम नाही."

खरं होतं. सहा वर्षं
मी एक कादंबरी ओढत होते
आणि ती तसूभर हलली नव्हती.
पहिल्याच प्रकरणात बाप बुडतो
(तारीख खरी आहे)
आणि पुढची बावीस प्रकरणं
सगळे नुसते किनाऱ्यावर उभे.

चिलोएच्या आमच्या या टोकाला
समुद्र उंबऱ्याशी आला तरी घर टाकून देत नाहीत.
घराखाली ओंडके सरकवतात,
बैलांच्या सहा जोड्या जुंपतात,
आणि अख्खं गाव दोराला लागतं.
मजुरी म्हणून संध्याकाळी
मटणाचा रस्सा, सफरचंदाची आंबूस दारू.

एवारिस्तो चिगुआय फळ्या घेऊन आत गेला.
प्रत्येक खोलीत, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
मोठाल्या फुल्या ठोकल्या.
"घर वादळात पडत नाही," तो तोंडातल्या खिळ्यांमधून म्हणाला,
"चालायला लागलं की पडतं.
सगळ्या भिंती एकदम निघत नाहीत ना."
आणि या फळ्या?
"पोचल्यावर काढायच्या. चुलीत घालायच्या."

मला माझा तो खाकी कागद आठवला :
कुणाला काय कधी कळतं, तांबड्या पेन्सिलीने,
बाणांवर बाण.
कुणी आलं की मी तो लपवायचे,
दोरीवरचे आतले कपडे लपवावेत तसा.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
इथे ते खरोखरच फिरले.
आधी एक लांब कण्हणं,
मग खिडक्यांच्या रिकाम्या भोकांतून
टेकडी सरकताना दिसली,
चर्च सरकलं, एक गाय सरकली,
आणि मागे उरला
फिकट गवताचा चौकोन.

त्या चौकोनात
चाळीस वर्षं फटींतून निसटलेलं सगळं :
बटणं, अर्धा कंगवा, तीन चमचे,
आणि नोल्बेर्तो काकाचा सोन्याचा दात.

या दातापायी काकाने सख्ख्या भावावर चोरीचा आळ घेतला होता.
एकोणीस वर्षांचा अबोला.
काका तो तसाच घेऊन मातीत गेला.
आणि तो भाऊ, आन्सेल्मो,
चौऱ्याहत्तर वर्षांचा,
तिथे वर, तिसऱ्या जोडीच्या मागे,
याच घराचा दोर खांद्यावर घेऊन
बैलांना शिव्या देत होता.

मावशीने दात उचलला.
एप्रनला पुसला. खिशात टाकला.
माझ्याकडे बघितलं, म्हणजे :
तोंड उघडशील तर बघ.

रात्री पंगतीत पहिला वाडगा आन्सेल्मोपुढे.
मटण दोनदा. मग तिसऱ्यांदा.
"आज काय आहे, दुलीस्ता?" तो हसत म्हणाला.
"खा," ती म्हणाली.
मी त्याच्या चावण्याकडे बघत राहिले.
एवढा साधा माणूस रस्सा पितोय,
आणि मला धड श्वास घेता येत नव्हता.

घरी येऊन
पहिलं प्रकरण मी मुळासकट उपटलं
आणि अकराव्या जागी नेऊन ठेवलं.
आता दहा प्रकरणं बाप रोज पहाटे होडी काढतो,
रोज परत येतो,
बुटातली वाळू दारात झटकतो,
बटाटे जळाले म्हणून कुरकुरतो.
त्याला माहीत नाही.
मला आहे.

दात अजून मावशीच्या खिशात आहे की नाही,
विचारायची माझी हिंमत नाही.
परवा गेले तर ती नव्या जागच्या जुन्या घरात
वैतागून फिरत होती.
सगळं जिथल्या तिथे, चमचेसुद्धा;
फक्त ऊन सकाळी भलत्याच खोलीत येतं, म्हणाली,
आणि तिथे कोपऱ्यात एक कोळ्याचं जाळं आहे
जे तिला आजवर कधी दिसलंच नव्हतं.