मागे माणूस

नऊ नंबरवाल्याचं काम समोर बघायचं, असं लोकांना वाटतं.
सतरा वर्षं मी गोलकडे पाठ करून उभा राहिलो.
चेंडू यायचा आपल्याच माणसांकडून, उंच, बहुतेकदा वाईट,
आणि मानेवर कुणाचा तरी श्वास:
कांदा, पुदिन्याचं च्युइंगगम,
एकदा, रविवारी दुपारी, चक्क वाइन.

लिएपायात समुद्रावरचा वारा
लाथाडलेला चेंडू परत आणून द्यायचा.
तिथे गाइडिस ओरडायचा, मुगुरा! पाठीवर!
मी एकोणीसचा. पाठ म्हणजे काय
हे तेव्हा दुखत नव्हतं, म्हणून ठाऊक नव्हतं.

मग आल्स्ट. सायकलच्या दुकानावरची खोली,
उशीलासुद्धा पंक्चरच्या सोल्यूशनचा वास.
त्या भाषेतला माझा पहिला शब्द
नमस्कार नव्हता, आभार नव्हता.
रुख! घशातच मोडणारा.
पाव मागायला मी दुसऱ्या महिन्यात शिकलो.

तेर्नीत म्हणत, उओमो! माणूस!
बस, एवढंच.
माणूस म्हटला की तो मागेच असणार,
हे तिथे सांगावं लागत नसे.
पहिल्या मोसमात चौदा गोल,
मेनिकेत्ती न्हावी पैसे घेईना.
दुसऱ्या मोसमात तीन.
त्याने नोट उजेडात धरून पाहिली
आणि सुटे परत दिले नाहीत.

शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी न्यावी
तसं ग्राट्सने मला सहा महिने नेलं.
हिंटरमान! हा शब्द पुरा होईतो
चेंडूही गेलेला असायचा, माणूसही.
मे महिन्यात वाटी परत आली,
घोट्यापाशी चेपलेली.
झिंतार्स, माझा एजंट, फोनवर म्हणाला,
ही एक पायरी आहे.
वर की खाली, ते त्याने कधीच सांगितलं नाही.

आणि सेतुबाल.
तिथे मागून कुणी आलं की ओरडतात, लाद्राँव!
चोर!
पहिल्याच सामन्यात माझा हात खिशाकडे गेला,
चड्डीला खिसा नसतो हे विसरून.
लाइनमनसुद्धा हसला.
एल्झा तिथे जन्मली, गल्लीभर सार्डिन भाजत होते म्हणे.
मी चारशे किलोमीटरवर, बाकावर, वॉर्म-अपचं जाकीट घालून,
आणि मला शेवटपर्यंत उतरवलं नाही.

लोक विचारतात, सत्त्याण्णवच का? तीन अजून झाले असते.
झाला होता ना एक, तेर्नीत. ऑफसाइड दिला, बोटभर.
पायाचं नख वाढलं होतं, असं मी इनेसेला सांगतो.
ती दर वेळी हसते. दर वेळी थोडं कमी.

गोल मला फारसे आठवत नाहीत.
आठवतो आल्स्टमधला एक जानेवारी,
एक-शून्य, ब्याण्णवावं मिनिट,
कोपऱ्यातला झेंडा, चिखल,
दोन दांडगे पाठीवर घेऊन
चेंडू बुटाखाली धरलेला मी.
ते पोटऱ्यांवर लाथा घालताहेत, मी हलत नाही.
चाळीस सेकंद.
कुठल्याच वहीत ती चाळीस सेकंदं लिहिलेली नाहीत.
शिट्टी झाल्यावर त्यातल्या एकानेच
हात देऊन मला उठवलं.

आता पुन्हा लिएपाया. ओट्याकडे तोंड, दाराकडे पाठ.
मागे एकदा एल्झाने हळूच पाठीवर हात ठेवला
आणि माझं कोपर आपोआप बाहेर आलं.
तिला लागलं नाही. दुधाचं भांडं गेलं.
ती रडली नाही, पण बराच वेळ
माझ्याकडे अनोळखी माणसासारखी बघत राहिली.

तेव्हापासून ती उंबऱ्यात थांबते.
आधी आवाज देते, हलका,
सेतुबालचा नाकातला हेल तिला बरोबर जमतो:
लाद्राँव.

मी वळत नाही.
पाय फाकवतो, कमरेने ओटा झाकतो,
डावा हात मागे पसरून अंदाज घेतो
ती कुठल्या बाजूने येतेय.
ती उजवीकडून हुलकावणी देते, डावीकडून येते,
काखेखालून हात घालते
आणि काकडीची फोड पळवते.

आज दोन नेल्या.