येतं, थोडं येतं, येत नाही

केयोनच्या धक्क्यावर, शिंपल्यांच्या कारखान्यात
मी तीन रकाने घेऊन उतरले:
येतं. थोडं येतं. येत नाही.
सत्तेचाळीस माणसं, दोन दिवस,
आणि सांतियागोहून साहेबांचा निरोप:
बजेट संपायच्या आत गरजा शोधून काढ.

पहिली आली एउदोसिया. रबरी मोजे काढलेच नाहीत.
शिंपला उघडणं? येतं.
वजनकाटा? येतं.
संगणकावर नोंद? थोडं येतं, म्हणाली,
आणि टेबलावर बोटाने एक कळ दाबून दाखवली,
दोनदा,
कारण पहिल्यांदा ती कधी लागतच नाही.
मी लिहिलं, संगणक प्रशिक्षण, प्राथमिक.
मग खोडलं. लिहिलं, कळफलक बदला.

नोल्बेर्तो, वय बावीस. त्याला सगळंच येतं.
फोर्कलिफ्ट, प्रथमोपचार, आग विझवणं;
न विचारलेलंही येतं.
मागच्या पत्र्याला कमरेच्या उंचीवर
ताजा पोचा पडलेला.
उरलेले प्रश्न मी त्या पत्र्यालाच विचारले.

दुसऱ्या दिवशी, अगदी शेवटी, रोसामेल चिगुआय.
अमोनियाच्या खोलीवर एकोणतीस वर्षं.
कागद चोख: गळती ओळखणे,
तीनदा प्रशिक्षण, तिन्ही वेळा शंभरपैकी शंभर.
मी पेनाचं टोपण लावत सहज म्हटलं,
काही येत नाही, असं आहे का?

तो उठला. दार लावून आला.
वास, म्हणाला.
वास येत नाही.

त्या तापापासून. तीन हिवाळे झाले.
कॉफी म्हणजे गरम पाणी.
नातवाचं टाळू हुंगतो, तर नुसते केस.
मग इथे कसं?
इथे दर तासाला पाइपाच्या सांध्यांशी तोंड नेतो,
डोळे चुरचुरतात का बघतो.
आणि दाराशी तो पिवळा कुत्रा झोपतो ना,
तो उठला की मीही उठतो.

वरती कळवलं नाही?
कळवलं. गळती सांगणारं यंत्र मागितलं होतं.
उत्तर आलं, प्रशिक्षण देऊ.
दिलं की. तीनदा.

रात्री लॉजवर मी तक्ता पुढे घेऊन बसले.
'येत नाही'त टाकला, तर माणूस जातो.
'येतं'मध्ये टाकला, तर एखाद्या पहाटे
सत्तेचाळीस.
साबणाची वडी उगाच नाकाशी धरली.
मग रकान्यांबाहेर, समासात लिहिलं:
यंत्र, एक, ताबडतोब. रोसामेलला पाइपांवरच ठेवा,
त्याला सांधा हाताला कळतो.
प्रशिक्षणाची गरज: मुख्य कार्यालय.
विषय: आलेला अर्ज शेवटपर्यंत वाचणे.

पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही.

सकाळी बोटीकडे निघाले, तर दाराशी
पिवळा कुत्रा उठून उभा राहिला.
मी थांबले.
खिडकीत रोसामेलही थांबला होता.
कुत्र्याने अंग झाडलं, एक गिरकी घेतली,
आणि पुन्हा तिथेच पसरला.