मुभा

चौदा वर्षं झाली, मी वजनं तपासते.
इतवारीच्या किराणा ओळीत शिरले
की दुकानदार खुर्ची पुसतात, लस्सी मागवतात
(मी घेणार नाही हे ठाऊक असून)
आणि मी लोखंडी किलो उलटा करून
बुडाच्या खळग्यातलं शिसं बघते :
ठप्पा कोणत्या सालचा, कोणत्या तिमाहीचा, कुणाचा.

बहुतेक माझाच असतो.

तेव्हा पोटात काहीतरी सरकतं.
कारण मला उलटं करून पाहिलंच कुणी
तर तिथे शिसं नाही,
एक प्रतीक्षा यादी आहे.
कुणी मृणालिनी पेठकर रुजू झाली नाही
म्हणून मला मिळालेली खुर्ची.

तिला मी कधी पाहिलं नाही.
पण ती माझ्यापेक्षा बरे अहवाल लिहिते,
कोर्टात तिचा आवाज कापत नाही,
छेचाळीस डिग्रीत, कळमन्याच्या यार्डातही
तिच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटत नाही.
साहेब "छान काम" म्हणाले
तर ते मी ठेवून घेते
शेजाऱ्याचं पार्सल ठेवून घ्यावं तसं.
येईल ज्याचं तो, घेऊन जाईल.

बाबा कळमन्यात मापारी होते.
मिरचीच्या पोत्यांत शिंकत शिंकत मोजायचे,
एकाला एक म्हणत नसत : लाभ, दोन, तीन...
मला ऑर्डर आली त्या दिवशी म्हणाले,
"आता आमची चोरी पकडशीन काय वो?"
आणि हसले.
मला हसू आलं नाही.
चोर सापडलाच आहे, असं वाटत राहिलं.

यंदा कार्यालयाची प्रमाण वजनं
प्रयोगशाळेत न्यायची पाळी माझी.
निळ्या मखमलीत पितळी कुटुंब, थोरल्यापासून शेंडेफळापर्यंत.
बोट लावायचं नाही. घामही वजनात भरतो.
झिरो माइलच्या सिग्नलला, ऑटोत,
पेटी मांडीवर घट्ट धरून बसले,
पुढच्या आरशात स्वतःकडे न बघता.

तिथले तुमाने, निवृत्तीला चार महिने उरलेले,
आधी कूलर बंद करतात. वाऱ्याने तराजू हलतो.
मग चिमट्याने माझा किलो उचलून ठेवतात.
काटा जातो, येतो, जातो.
त्यांच्या कानामागून एक थेंब उतरतो, कॉलरमध्ये जिरतो.
"चुकते थोडा," म्हणाले.

घसा कोरडा.
याच किलोने मी किती जणांना दंड केला.

"चुकतेच न मॅडम. पितळ आहे, देव थोडीच आहे.
अधिक एवढासा. मुभेत बसते."
"आणि तुमचा?"
"माहा बी चुकते. त्याले मी वरच्यापाशी नेतो,
अन् वरच्याले आणखी वर.
किती चुकते ते लिहून ठेवा लागते फक्त.
ज्याच्या कागदावर शून्य येते न,
त्याले मी पुन्हा तोलतो."

जादू वगैरे झाली नाही.
दुसऱ्याच दिवशी सराफा ओळीत
एक पोरसवदा सोनार म्हणाला, "मॅडम, तुम्ही नक्की..."
वाक्य संपायच्या आत मी पकडले गेले होते,
बडतर्फ झाले होते, घरी सांगून मोकळी झाले होते.
तो विचारत होता, चहा नक्की बिनसाखरेचाच ना.

आता डायरीच्या मागच्या पानावर एक रकाना आहे.
मंगळवार, अकरा वीस, आढावा बैठक : अधिक, फार.
गुरुवार, सराफा ओळ, चहा : अधिक. (हसू आलं, उशिरा.)
शनिवार, कळमना. एका म्हातारीला
तिचं हक्काचं पाव किलो परत मिळालं.
त्या दिवशी भरायचं विसरले.

मृणालिनी अजून येते.
तिला विचारावंसं वाटतं,
बाई, तुझा कागद कुणी पाहिला का गं?

ठप्प्याआधी हात क्षणभर अडतो.
अडू दे.
किलो उलटा. शिसं मऊ.
ओठातल्या ओठात म्हणते, लाभ,
आणि हातोडी उचलते.