वेग कुठे जातो

मार्चची सकाळ. काटेगाटवरून आलेल्या वाऱ्यानं
रुळांवरचं दव काचेसारखं केलंय.
बाग उघडायला अजून पाच आठवडे.
डब्यांत माणसांऐवजी आम्ही वाळूची पोती बांधलीत,
प्रत्येकी पंचाहत्तर किलो.
कुणी किंचाळत नाही, कुणाची टोपी उडत नाही.

पहिल्या बाकावर फक्त प्रेबेन.
एकतीस वर्षं या लाकडी डोंगरावर
गाडीच्या मधोमध उभं राहून त्यानं दांडा ओढला.
तो दांडा मागच्या महिन्यात मीच कापून काढला.
तेव्हा तो आला नव्हता. गुडघा, म्हणाला.

साखळी वर नेते आणि माथ्यावर सोडून देते.
त्यानंतर इंजिन नाही, काही नाही.
चढताना जमवलेलं सगळं उतारावर उधळायचं,
आणि उधळणाऱ्याला आवरणारं कुणीतरी लागतं.

पूर्वी ते कुणीतरी म्हणजे तो.
पाऊस असला तर दुसऱ्या वळणाच्या आधीच, हलकेच;
शाळेची सहल असली तर जरा सैल;
बिअर प्यालेले गोदी कामगार असले तर दोन्ही हातांनी.
बीचच्या लाकडाचे ठोकळे रुळाला घासत.
जळक्या भुश्श्याचा वास त्याच्या कोटातून
नाताळातही जात नसे.
उजवा खांदा अजून डाव्याहून बोटभर खाली आहे.

आता शेवटच्या सरळ पट्टीत
तांब्याची पाती उभी आहेत ओळीनं,
आणि गाडीच्या पोटाखाली चुंबकांच्या जोड्या.
कुणी कुणाला शिवत नाही, मधे नखाएवढी हवा.
तरी तांब्यात भोवरे उठतात
आणि येणाऱ्याला मागे रेटतात,
जितक्या जोरात याल, तितक्या जोरात.
वीज गेली तरी चालतं, मी त्याला सांगितलं.
ब्रेकवाला गेला तरी चालतं, तो म्हणाला.

गाडी सुटली. दुसऱ्या वळणाच्या आधी
त्याचा उजवा हात उठला,
हवेतलं काहीतरी ओढलं. अगदी वेळेवर.
मी खालून वहीत आकडे लिहीत होते.

मग पट्टी आली, आणि वेग नुसता बसला,
उतू जाणाऱ्या दुधावर पाणी शिंपडावं तसा.
पण गाडी थांबली नाही.
हे एवढंच चुंबकाला जमत नाही:
हळू झालेल्याला तो धरून ठेवू शकत नाही,
तिचा जोर संपत आला की त्याचाही संपतो.
पोत्यांसकट गाडी रांगत राहिली फलाटाकडे.
"सिग्ने, आणि हे शेवटचं वावभर?"
त्याला चिमटा आहे, म्हटलं, हवेच्या दाबाचा.
"बरं," म्हणाला.
तोवर त्यानं पाय बाहेर टाकून
बुटाची टाच फळ्यांवर घासायला घेतली होती.

उतरल्यावर विचारलं, "मग आता वेग जातो कुठे?"
इतकी वर्षं तो कुठे जायचा
हे त्याच्या खांद्याला ठाऊक होतं.
सकाळपासूनची ही पाचवी फेरी.
मी त्याला पट्टीपाशी नेलं.
गुडघा सांभाळत तो वाकला, हातमोजा काढला.
शेजारच्या रुळावर दव तसंच गोठलेलं.
तांबं कोमट होतं.
तळहात त्यानं बराच वेळ उचलला नाही.