बारदान वजा

बिलकीस सतारमेकर मिरजेहून आली ती
तारांच्या पुडीचा कागद मुठीत घट्ट धरून.
कागदात पेन ड्राइव्ह.
"अब्बांचं रेकॉर्डिंग आहे. दोन दुकानांत दाखवलं.
म्हणतात फाइल रिकामी आहे, शून्य सेकंद."

मी आकार बघितला. चारशे अकरा एमबी.
रिकामं पोतं एवढं भरत नाही, बाई.

माझे अण्णा, भूपाल मगदूम,
सांगलीच्या यार्डात हळदीच्या सौद्याला तोलार होते.
घरी आले की बनियनसुद्धा पिवळं.
थप्पीपुढं मला उभं करून सांगायचे,
पोतं फोडायचं नाही.
पाठीवरची खूण वाच, वजन वाच,
तेवढं अंतर सोड आणि पुढच्याकडं जा.

म्हणून मी फाइल वाजवायच्या फंदात पडलो नाही,
तिची पाठ वाचली.

आधी चार अक्षरं, आर आय एफ एफ: थप्पीचं नाव.
मग चार बाइट वजनाचे, आणि मग वेव्ह,
म्हणजे आत आवाज आहे.
पुढं पहिलं पोतं, एफ एम टी.
अक्षरं तीनच, म्हणून चौथ्या जागी एक कोरी जागा.
खूण चारचीच लागते,
नाव अपुरं असलं तरी घर पुरं भरायचं.
त्या पोत्यात मापं: किती कानांसाठी,
सेकंदाला किती वेळा ऐकलं.

वजन उलटं लिहिलेलं. लहान आकडा आधी, मोठा मागून.
बिलकीस म्हणाली, हे कसलं मोजणं?
म्हटलं, आपण पंचवीस म्हणतो तेव्हा
पाच आधी येतात की नाही?
आणि वजनात खूण धरत नाहीत, वजनाचा आकडाही धरत नाहीत.
बारदान वजा. माल तेवढाच.
माल विषम भरला तर शेवटी एक शून्य ठेवतात,
पुढचं पोतं समेवर लागावं म्हणून.
"समेवर," ती म्हणाली. एवढंच तिला पटलेलं दिसलं.

दुसऱ्या पोत्यावरची खूण मला लागली नाही.
चार अक्षरं, कुठल्याच यादीत नसलेली.
रेकॉर्डर बनवणाऱ्याचं काही खाजगी असेल.
वजन पाचशे ऐंशी.
उघडलं नाही. पाचशे ऐंशी पावलं मोजली,
पाय नेमका पडला चार अक्षरांवर:
डी ए टी ए.
वजन: शून्य.

इथंच सगळे परत फिरले होते.
यंत्र आधी शून्य लिहून ठेवतं,
माल संपला की मागं येऊन खरा आकडा भरतं.
"बॅटरी मध्येच गेली होती का?"
ती कागदाच्या घड्या घालत राहिली.
"लाइट नव्हती. अब्बा जवारी काढत होते.
मी म्हटलं, उद्या परत घेऊ."

मी शेवटापर्यंत मोजलं, बारदान वजा केलं,
आकडा उलटा करून शून्याच्या जागी बसवला.
तसाच थप्पीचा. आठ बाइट. बाकी कशाला हात नाही.

आधी कानस, घोडीवर, बारीक.
मग तार. मग दोरा सरकवल्याची चाहूल.
तार.
"अजून न्हाई," एक म्हातारा आवाज म्हणाला.
कानस. तार.
"अजून न्हाई."
चाळीस मिनिटं एवढंच.
बाहेर टेम्पो मागं घेताना कुणीतरी ओरडत होतं,
मी शटर अर्धं खाली ओढलं.
शेवटची तार लागली आणि
ती पुरती विझायच्या आत फाइल संपली.

पैशांचं बोलणं झाल्यावर दारातून ती वळली.
"ते मधलं, न ओळखू आलेलं... काढून टाकलंत?"
नाही. जसं होतं तसं, जागच्या जागी आहे.

अण्णांच्या थप्पीतही एकदा असं एक पोतं आलं होतं,
खूण कुणालाच न लागलेली.
त्यांनी ते तोललं,
वहीत वजन मांडलं,
नावाची जागा कोरी ठेवली.