ठकूमावशी सिंह बघते

डिसेंबरातल्या तिथी संपल्या, थोडी उधारी वसूल झाली,
तसं जिंतूरच्या स्टुडिओचं शटर ओढून
मी गीरला गेलो.
सहा दिवस, भाड्याची लेन्स,
चार हजार दोनशे फोटो.

आल्यावर दाखवणार कुणाला?
बायको म्हणाली, सगळे सारखेच दिसतात.
मेडिकलवाल्या शिराळेनं आयाळवाला तेवढा
मोबाइलवर मागून घेतला.

मग येलदरीच्या रस्त्याला, करडईच्या बांधापाशी
ठकूमावशी हाके भेटली. चाळीस शेरडं, एक काठी.
उन्हात स्क्रीन दिसेना,
म्हणून तिनं कॅमेऱ्यासकट माझं डोकं
पदराखाली घेतलं.
आत अंधार, तंबाखूचा आणि करडांचा वास.

"ही थोरली," ती म्हणाली.
चार सिंहिणींतली एक.
कशावरून?
"बाकीच्या निजल्यात. ही नुसती पडलीय.
अन् हिचा डावा कान दुखतोय."
मी झूम केलं.
कानाच्या आत गोचिडांची रांग.
सहा दिवस मी आयाळ शोधत होतो.

पुढं एक आडवी पडलेली, पाच पिलं पिताहेत.
"पाची हिचीच?"
नाही. गाइड म्हणाला, दोन बहिणीची.
"अन् ती पेऊ देती?"
ठकूमावशीला परकं करडू पाजायचं तर
शेळीचा पाय मेखेला बांधावा लागतो,
डोळ्यावर हात धरावा लागतो.
"बांधल्याबिगर?"
बांधल्याबिगर.
ती बराच वेळ काही बोलली नाही.

शेवटी मी माझा लाडका फोटो काढला.
काचेत मढवून काउंटरमागं लावणार होतो तो.
सिंहीण थेट लेन्सकडं बघतेय.
"तुह्याकडं कुठं?" ती म्हणाली.
"तुह्या मागं बगती ती. काय व्हतं मागं?"

जीपचा टप होता. गाइड पाणी पीत होता.
त्याच्यामागं
मी वळून बघितलंच नव्हतं.

एवढ्यात एक शेळी कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली
आणि पदर, अंधार, मावशी, सगळंच
शिव्या देत तिकडं पळालं.

परवा बोरीच्या लग्नात
नवरीनं कॅमेऱ्याकडं बघितलं, अगदी सरळ.
बोट बटणावर होतं.
मी मागं वळलो.
मांडवाच्या खांबाशी तिचा धाकटा भाऊ,
हातात भाताची परात,
वाढायचं विसरून उभा.